मित्रास पत्र : रविवारच्या एन्चिलाडा

पुणे,
बुधवार, सकाळ

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. रविवारी जेवायला सहा माणसं, त्यात दोन मुलं, आणि बेत चिकन एन्चिलाडांचा. तू दोनच गोष्टी विचारल्यास : चीज कोणतं आणि ओव्हन किती तापवायचा. हे दोन्ही प्रश्न अगदी शेवटी येतात. पदार्थ बिघडतो तो त्याच्या कितीतरी आधी, टॉर्टियात, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीत, नाहीतर सॉसमध्ये. म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

स्पॅनिशमध्ये ‘एन्चिलार’ म्हणजे मिरची लावणं, आणि एन्चिलाडा म्हणजे मिरची लावलेली टॉर्टिया. चिकन त्यात असतं, पण ते पाहुणं. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात चौकात बसून ज्या ‘प्लासेरा’ एन्चिलाडा करतात, त्यात टॉर्टिया सॉसमध्ये बुडवून तेलात परततात, आत नुसतं चीज आणि कांदा, वर परतलेले बटाटे आणि गाजर, आणि कोंबडीचा तुकडा शेजारी वेगळा. सान लुईस पोतोसीत तर मिरची मळतानाच मक्याच्या पिठात घालतात आणि टॉर्टिया करंजीसारखी दुमडतात. चीजखाली बुडालेला भाजलेला ट्रे आपल्याला माहीत आहे तो बहुतांशी अमेरिकेतल्या टेक्ससकडच्या पद्धतीचा. तो वाईट नाही, पण तुला मेक्सिकन घरातलं जेवण करायचं आहे, तर मक्याची टॉर्टिया आणि सुक्या मिरचीचा सॉस यांवर जीव लाव.

आधी टॉर्टिया. बहीण अमेरिकेहून मासा हरिनाचं, म्हणजे टॉर्टियाच्या खास मक्याच्या पिठाचं, पाकीट आणते आहे असं लिहिलंस, हे फार बरं झालं. आपल्याकडचं मक्याचं पीठ यात चालत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्यातच ठेवतात, मग चोळून साल काढतात आणि दळतात. याला निष्तामाल म्हणतात. साधारण एक किलो मक्याला १० ग्रॅम खाण्याचा चुना. चुन्यामुळे साल सुटते आणि पिठाला चिकटपणा येतो, म्हणून टॉर्टिया गुंडाळता येते. शिवाय मक्यात बांधून राहिलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपानं मका नेला, पण ही रीत नेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना तिथे पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा आजार, झाला. पूर्वी हा ओला मका घरोघरी ‘मेताते’वर वाटत. आपला पाटा-वरवंटाच म्हण, फक्त पायांवर उभा आणि उतरता. मासा हरिना म्हणजे हेच ओलं पीठ वाळवून केलेलं.

१६ टॉर्टिया लागतील : मोठ्यांना तीन-तीन, मुलांना दोन-दोन. २५० ग्रॅम मासा हरिना, अर्धा चमचा मीठ आणि साधारण ३६० मिली कोमट पाणी. पाणी एकदम ओतू नकोस, शेवटचं अर्धी वाटी हातात ठेव. मळून झालं की ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेव, कारण या पिठाला पाणी प्यायला वेळ लागतो. मग लिंबाएवढी गोळी तळहातावर दाब. कडा फाटल्या तर चमचाभर पाणी घाल, हाताला चिकटली तर चिमूटभर पीठ. ही परीक्षा सोडू नकोस. कोरड्या पिठाची टॉर्टिया तव्यावर छान दिसते आणि गुंडाळताना मधोमध तुटते.

३८ ग्रॅमचे गोळे कर. टॉर्टिया दाबायचं यंत्र नसेल तर दुधाची पिशवी कापून त्या दोन प्लास्टिकांमध्ये गोळा ठेव आणि सपाट बुडाच्या जड पातेल्यानं दाब. १५ सेंटिमीटर व्यास आला पाहिजे. लाटण्यानं लाटल्यास कडा पातळ आणि मध्य जाड राहतो. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू २० ते ३० सेकंद, कडा सुटल्या की उलट, दुसरी बाजू मिनिटभर, पुन्हा उलटून बोटांनी हलकं दाब. फुगली तर पीठ जमलं. काढून फडक्यात एकावर एक ठेव, आपण पोळ्या ठेवतो तशा.

टॉर्टिया शनिवारीच कर. ताजी गरम टॉर्टिया ओलसर असते, तेलात टाकली की तडतडते, सॉसमध्ये लगदा होते. एक रात्र गेलेली टॉर्टिया सॉस अंगावर घेऊनही उभी राहते. आणि मैद्याची टॉर्टिया किंवा चपाती वापरायचा मोह झाला तर तो आवर. गहू सॉसमध्ये भिजून पेस्ट होतो, आणि मक्याचा चुनखडीसारखा मंद वास तर कुठेच राहत नाही. या पदार्थात मला तोच सगळ्यात प्रिय आहे.

आता मिरची. लाल एन्चिलाडांसाठी तिकडे सहसा ग्वाहियो आणि आन्चो या सुक्या मिरच्या एकत्र घेतात. ग्वाहियो रंग आणि किंचित आंबटपणा देते, आन्चो म्हणजे वाळवलेली पोब्लानो ही मोठी मिरची, तिच्यात मनुकांसारखी गोडी असते. बहिणीला सांगून दोन्ही आणता आल्या तर १० ग्वाहियो आणि ३ आन्चो पुरेत. नसतील तर ४० ग्रॅम ब्याडगी आणि ३०-४० ग्रॅम खरी काश्मिरी. ब्याडगीचा रंग उत्तम, पण ती ग्वाहियोपेक्षा तिखट आहे, म्हणून एकटी वापरू नकोस. आन्चोच्या गोडीला जोड म्हणून ८-१० काळ्या मनुका सॉसमध्ये वाटून घाल. मूळ चव येणार नाही, जवळ जाईल.

मिरचीचं देठ काढ, उभी चीर, बिया झटक आणि आतल्या पांढऱ्या शिरा चिमटीनं ओढून काढ. तिखटपणा बियांपेक्षा त्या शिरांत असतो. काकूंना तिखट सोसत नाही ना, मग हे काम मन लावून कर, नंतर साखर घालून तिखट कमी होत नाही. मग मंद तव्यावर मिरच्या प्रत्येक बाजूनं फक्त १० ते १५ सेकंद भाज. वास सुटला आणि साल जरा फुगली की लगेच काढ. काळा डाग पडलेली मिरची फेकून दे. जळक्या मिरचीचा कडवटपणा सगळ्या सॉसभर पसरतो आणि कशानंही जात नाही. जेवढे एन्चिलाडा-सॉस बिघडतात त्यातले निम्मे इथेच बिघडत असावेत.

भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात बुडवून वर वाटी ठेव, २० मिनिटं. ते पाणी जिभेवर घेऊन बघ, कडू असेल तर टाक. त्याच तव्यावर दोन मध्यम टोमॅटो, अर्धा कांदा आणि सालासकट पाच लसूण पाकळ्या काळे ठिपके येईपर्यंत भाज. यांना डाग पडलेले चालतात, मिरचीला नाही. लसूण सोलून सगळं मिक्सरमध्ये घाल, सोबत अर्धा चमचा ओरेगॅनो, पाव चमचा जिरं आणि दोन कप चिकनचं अळणी पाणी. अगदी गंधासारखं वाट आणि गाळणीतून दाबून गाळ. मिरचीची साल दातांत येते, म्हणून गाळणं टाळू नकोस.

जिऱ्याबद्दल एक सांगतो. आपला हात जिऱ्याकडे आपोआप जातो. मध्य मेक्सिकोच्या स्वयंपाकात ते फार थोडं पडतं, चमचाभर घातलंस तर सॉस आपल्या रश्शासारखा लागेल. हळद, गरम मसाला, आलं तर नकोच. ओरेगॅनोही जमलं तर मेक्सिकन आणायला सांग. पिझ्झावरचं ओरेगॅनो पुदिन्याच्या कुळातलं आहे आणि मेक्सिकन ओरेगॅनो वेगळ्याच, व्हर्बिना कुळातलं, त्याला लिंबासारखी झाक असते.

आता कढईत तीन चमचे तेल चांगलं तापव आणि गाळलेला सॉस एकदम ओत. उडतो, झाकण हातात ठेव. १० ते १२ मिनिटं हलवत राहा. केशरी-लाल रंग विटकरी होतो, कच्चा वास जातो, कडेला तेल दिसू लागतं. आपण वाटण परततो तेच हे. नंतर आणखी दीड कप अळणी पाणी, दीड चमचा मीठ, चिमूटभर साखर, आणि मंद आचेवर १० मिनिटं. चमचा बुडवून काढला की मागच्या बाजूला थर राहावा आणि बोट फिरवलं की रेघ टिकावी. यापेक्षा घट्ट झाला तर टॉर्टिया त्यात फाटते, पातळ राहिला तर ताटात पाणी सुटतं. हा सॉस चार कप भरला पाहिजे, आणि तोही शनिवारीच करून ठेव. दुसऱ्या दिवशी चव मुरते.

चिकन सोपं आहे. हाडासकट ८०० ग्रॅम घे, छाती आणि तंगडी दोन्ही. दीड लिटर पाणी, अर्धा कांदा, तीन लसूण पाकळ्या, एक तमालपत्र, दीड चमचा मीठ. उकळी आली की आच इतकी कमी कर की पाणी नुसतं थरथरेल. छातीचे तुकडे २० मिनिटांनी काढ, तंगडी ३०-३५ मिनिटांनी. खळाखळा उकळलंस तर छाती दोऱ्यासारखी कोरडी होते. हे पाणी गाळून ठेव, वर सॉसला लागतं ते हेच, म्हणून चिकन सॉसच्या आधी कर. कोमट असतानाच हातानं रेषा काढ, ४०० ग्रॅमच्या आसपास निघेल. सुरीनं चौकोनी तुकडे केले तर ते गुंडाळीतून घरंगळतात. त्यात पाच-सहा चमचे तयार सॉस आणि थोडा बारीक चिरलेला कांदा कालव.

रविवारी जेवणाच्या २० मिनिटं आधीपर्यंत काही जोडू नकोस. सॉस रुंद पातेल्यात गरम ठेव, चिकन गरम ठेव. थंड सारण भरलेली एन्चिलाडा वरून वाफाळते आणि आत गार लागते. छोट्या कढईत अर्धा सेंटिमीटर तेल तापव. एकेक टॉर्टिया प्रत्येक बाजूनं ८ ते १० सेकंदच तळ. ती मऊ आणि लवचिक राहिली पाहिजे, कुरकुरीत झाली तर गुंडाळताना मोडेल. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर ती तेल पिते, म्हणून आधी टॉर्टियाचा एक तुकडा टाकून बघ, लगेच बुडबुडे यायला हवेत. अनेकजण तेल वाचवायला ही पायरी गाळतात आणि मग सॉसमध्ये टॉर्टियाचा लगदा झाला म्हणून हळहळतात. तेलाचा पातळ थर सॉसला आत शिरू देत नाही, तो थर हवाच.

तळलेली टॉर्टिया निथळून लगेच सॉसमध्ये बुडव, उलट, बाहेर काढ, ताटात ठेव. मधोमध नाही, जरा अलीकडे, २५ ग्रॅम चिकनची आडवी ओळ घाल. दोन मोठे चमचे पुरे. जास्त भरलं तर वळकटी उघडते. सैलसर गुंडाळ आणि जोड खाली ठेव. मिचोआकानची रीत उलटी आहे : आधी सॉस, मग तेल. त्यात सॉस टॉर्टियावर तळला जातो आणि चव खरंच वरचढ येते, पण तेल भयंकर उडतं. पहिल्यांदा करताना मुलं आसपास असतील तर ती नको.

चीजचं आता सांगतो. मेक्सिकोत वर केसो फ्रेस्को, म्हणजे ताजं चीज, कुस्करतात, ते वितळत नाही. ताजं पनीर मीठ लावून, चार चमचे दह्याच्या निवळीत तासभर ठेवून कुस्करलंस तर बरंच जुळतं. वितळणारं हवं असेल तर तिकडच्या वाहाका चीजच्या जागी मोझरेला, दोन्ही गरम पाण्यात ताणून करतात. डब्यातलं प्रोसेस्ड चीज घेऊ नकोस, ते खारट चिकट पापुद्र्यासारखं बसतं. क्रेमासाठी, म्हणजे तिकडच्या किंचित आंबट क्रीमसाठी, तीन भाग ताजी क्रीम, एक भाग घट्ट दही आणि मीठ फेटून घे. हे नेहमी शेवटी, वरून घाल. उकळत्या सॉसमध्ये घातलंस तर फाटेल.

ओव्हन लागतच नाही. लाल एन्चिलाडा सॉस ओतून तशाच वाढायच्या. भाजलेल्याच हव्या असतील तर ओटीजी २०० अंशांवर आधी तापव, ट्रेच्या तळाला अर्धा कप सॉस, वर उरलेला, मोझरेला, आणि फक्त १० मिनिटं. कडा सॉसनं झाकल्या आहेत ना बघ, उघड्या कडा चामड्यासारख्या होतात. चीज-क्रीमच्या भाजलेल्या प्रकाराला तिकडे ‘स्विसा’ म्हणजे स्विस म्हणतात. मेक्सिको सिटीतल्या टाइल्सच्या जुन्या वाड्यात सॅनबॉर्न्सचं उपाहारगृह आहे, त्यानं त्या प्रसिद्ध केल्या. त्यात बहुधा हिरवा सॉस असतो, तोमातियोचा. हे रसभरीच्या कुळातलं, कागदी आवरणातलं आंबट फळ. आपल्याकडे ते मिळवण्याच्या खटपटीत या रविवारी पडू नकोस.

वरून पातळ चिरून मीठ-लिंबू लावलेला कांदा, मुळ्याच्या चकत्या, सॅलडची पानं, कोथिंबीर. बाजूला घोटून परतलेला काळा घेवडा किंवा राजमा आणि टोमॅटोचा लाल भात. काकांसाठी चिकनऐवजी उकडलेला बटाटा, चीज आणि कांदा भर, तो प्रकारही अस्सल मेक्सिकन आहे. फक्त त्यांच्या वाट्याचा सॉस चिकनच्या पाण्याऐवजी साध्या पाण्यात वेगळा कर, हे विसरू नकोस.

माणसं उशिरा आली तर जोडलेल्या एन्चिलाडा टिकत नाहीत, अर्ध्या तासात मऊ पडतात. सुटे भाग मात्र थांबतात. टॉर्टिया उरल्या तर त्रिकोणी तुकडे करून कडक तळ आणि सोमवारी सकाळी उरलेल्या सॉसमध्ये घोळवून वर अंडं घाल, त्याला चिलाकिलेस म्हणतात. मिरच्या बहिणीकडून येणार की इथूनच घ्यायच्या, ते शुक्रवारपर्यंत कळव. ब्याडगी आणि काश्मिरी इथून पाठवता येईल.

वहिनींना आणि मुलांना आठवण सांग, काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
मधू