नाडीच्या वहीबद्दल: माझ्या मुलीच्या सरांना आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी माझी मुलगी तीन हजार मीटरच्या सरावात मागे पडू लागली, तेव्हा आधीच्या प्रशिक्षकांनी ‘पोरगी अंगचोर झाली आहे’ असा निर्वाळा दिला होता आणि, लिहायला लाज वाटते, मलाही ते पटले होते. जूनमध्ये आम्ही शाहू स्टेडियमवर आपल्याकडे आलो. आपण तिला काहीच न बोलता माझ्या हाती शंभर पानी वही दिलीत.

रोज पहाटे ती अंथरुणातून उठण्यापूर्वी मी तिच्या मनगटावर बोटे ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की चुकलेला एक ठोका चार ठोक्यांचा होतो, हे आपण सांगितल्यावर माझी घाई थांबली. सरावानंतर अर्ध्या तासाने ‘दहापैकी किती दमलीस?’ असे विचारायचे आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणून त्या दिवसाचा भार लिहायचा. पाळीच्या तारखाही लिहायला आपण सांगितलेत, तेही मला बाजूला घेऊन, इतक्या सहजपणे की संकोच वाटला नाही.

तीन आठवड्यांत पहाटेची नाडी ६६ वरून ७४ वर गेली. चाळीस मिनिटांची सोपी धाव, जिला तीन किंवा चार गुण पडायला हवेत, तिला ती आठ देत होती. म्हणजे १६०च्या आत राहायचा भार ३२० होत होता. इतर कोणी ‘नाटके करते’ म्हटले असते. आपण तिचा शब्द खरा धरलात, सराव थांबवलात आणि आम्हाला डॉक्टरांकडे पाठवलेत. हिमोग्लोबिन ९.४ निघाले, तिच्या वयाच्या मुलीत ते निदान १२ हवे. रक्तात प्राणवायू वाहून नेणारेच कमी असल्यामुळे हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके द्यावे लागत होते, हे आपण तिला मैदानावर बसून समजावलेत, आणि ती कितीतरी दिवसांनी रडली.

माण तालुक्याच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्यापासून आमच्याकडे पळणाऱ्या प्रत्येक मुलीला ‘ऑलिंपिकला कधी?’ असे विचारतात. हिमोग्लोबिन किती, हे कोणी विचारत नाही.

आधीच्या प्रशिक्षकांच्या तक्त्यात २२० वजा वय, म्हणजे २०४, ही तिची कमाल नाडी धरली होती. तो सरासरीचा आकडा असून एखाद्यात दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो, हे आपल्याकडून कळले. प्रत्यक्षात तिची कमाल १९३ च्या वर कधी गेली नाही. म्हणजे तिचे ‘सोपे’ दिवसही अवघडच जात होते.

डॉक्टरांच्या औषधाने ती सावरल्यावर आपण यवतेश्वर घाटातला एक टप्पा ठरवून दिलात: नाडी १५० च्या वर न जाऊ देता, महिन्यातून एकदा. वेगाकडे पाहायचे नाही, कारण चढ आणि वारा त्याला फसवतात, पण त्याच नाडीवर तोच टप्पा किती वेळात सरतो, ते लपत नाही. ऑक्टोबरात एकोणीस मिनिटे लागली होती, फेब्रुवारीत सतरा मिनिटे दहा सेकंद. भाच्याने दिलेले मनगटी घड्याळ पळताना मध्येच भलतीच नाडी दाखवते, म्हणून आता ती थांबून हाताने पडताळते आणि फरक वहीत लिहिते.

तिसरी वही सोमवारी सुरू झाली. पहिल्या पानावर तिने स्वतःच्या अक्षरात ५६ लिहिले आहे. मोजायलाही आता मी लागत नाही.

आपली कृतज्ञ,
एका धावपटूची आई, सातारा