पिशवी काढण्याआधी तुकडा तपासा

संपादक महोदय,

अंगावरून जास्त जाते, सोनोग्राफीत गर्भाशयाचे मुख जाड दिसते, आणि 'पिशवी काढून टाकू' असे ठरते. कारण बहुतेकदा नेहमीचेच असते. क्वचित मात्र तो लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, निघतो. त्याची वाट वेगळी आहे.

मुखाचा लिम्फोमा अस्तराखाली वाढतो. वरचे अस्तर बरेचदा शाबूत राहते, म्हणून पॅप स्मिअर (मुखावरच्या खरवडलेल्या पेशींची तपासणी) नॉर्मल येतो आणि सगळे निर्धास्त होतात. तपासणीसाठी (बायोप्सी) वरवरचा तुकडा घेऊन भागत नाही, खोलवरचाच लागतो. तोही अलगद काढावा. चिमट्यात दाबला की पेशी चिरडतात, मग स्मॉल सेल कार्सिनोमा हा दुसऱ्या जातीचा कॅन्सर की लिम्फोमा हे कळणे अवघड होते.

खरा घोटाळा लॅबला पाठवायच्या बाटलीत होतो. अख्खी पिशवी अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली, वर जेमतेम फॉर्मालिन (तुकडा सडू न देणारे रसायन), किंवा नुसते सलाइन. आणि अशी बाटली कणकवली-देवगडहून मे महिन्याच्या उकाड्यात एसटीने आमच्याकडे येते! आतला भाग तोवर सडलेला असतो. द्रावण असे करावे: बाजारातले फॉर्मालिन 1 भाग, पाणी 9 भाग, शक्यतो बफर (आम्लता स्थिर ठेवणारे क्षार) घालून. तुकड्याच्या दहापट द्रावण. पिशवी असेल तर आधी उभी चिरून उघडावी. एवढे केले की पुरते. काही ठिकाणी काढलेली पिशवी नातेवाइकांना दाखवून टाकूनच देतात, त्याला काय म्हणावे?

अंडाशयाची गाठ काही आठवड्यांत भराभर वाढली, विशेषतः तरुण मुलीत दोन्ही बाजूंना, तर बर्किट लिम्फोमा हा झपाट्याने वाढणारा प्रकार मनात धरावा. तपासणीआधी स्टेरॉइड देऊ नये. पेशी विरघळतात आणि निदान हुकते. निदान पक्के होते ते इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून पाहण्याने: सीडी 45, सीडी 20, सीडी 3, सायटोकेरॅटिन, केआय-67.

डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा हा यातला सर्वाधिक आढळणारा प्रकार. त्यावर मुख्य इलाज आर-चॉप (अनेक औषधे एकत्र देण्याची) केमोथेरपी, दर 21 दिवसांनी, बहुधा 6 सायकल. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). पिशवी काढून हा आजार बरा होत नाही, उलट जखम भरेपर्यंत केमो लांबते.

परळला टाटा रुग्णालयात जायचे झाल्यास नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि त्याच्या काचा (स्लाइड) मागून घ्या.

— काही पॅथॉलॉजिस्ट, रत्नागिरी-सिंधुदुर्ग