अपिलाची शेवटची तारीख कैद्याला कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिवाजीनगरच्या सेशन्स कोर्टात शिक्षा लागली की हायकोर्टात अपील करायला ६० दिवस मिळतात, फाशी असेल तर ३०च, आणि आरोपी निर्दोष सुटला तर त्याविरुद्ध अपिलाला सरकारला मात्र ९० दिवस, सगळी यंत्रणा हाताशी असताना! जो येरवड्यात आत बसलाय त्यालाच कमी मुदत, हे मला कधीच पटलेलं नाही.

निकालाची प्रत त्याला लगेच फुकट द्यायची असं कायद्यातच आहे. पण पुढे काय? घरचे जुन्या वकिलाकडे हेलपाटे घालतात, तो म्हणतो हायकोर्टाची फी वेगळी, मग पैशांची जुळवाजुळव, मग मुंबईचा वकील शोधा (कोल्हापूरला बेंच आलं पण पुणे त्यात नाही), वकीलपत्रावर जेलमधून सही आणा, यात दोन महिने कधी गेले कळत पण नाही. उशीर माफ करायचा अर्ज करता येतो, मान्य, पण तो निकाली निघेपर्यंत शिक्षा स्थगिती आणि जामीन अडकून पडतो आणि दोन-तीन वर्षांची शिक्षा असलेला माणूस ती भोगतच राहतो.

वकील नसला तरी जेल सुपरिटेंडेंटकडे अर्ज देऊन आतूनच अपील करता येतं, आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. किती घरांना माहितीये हे?

१९७८ची हॉस्कॉट केस तर येरवड्याचीच. हायकोर्टाने निकालाची प्रत जेलला पाठवली होती, कैदी म्हणाला मला मिळालीच नाही, आणि मिळाल्याची त्याची सही कुठेच नव्हती. सुप्रीम कोर्टात पोचेपर्यंत चार वर्षांच्या वर उशीर झाला, तोवर शिक्षा भोगून संपलेली. प्रत द्या आणि लेखी पोच घ्या असं कोर्टाने तेव्हाच बजावलंय. ऑक्टोबर २०२४मध्येही सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शिक्षेच्या निकालासोबत मोफत वकिलाची माहिती देणारा कागद जोडायचा हायकोर्टांनी विचार करावा.

माझं म्हणणं एवढंच की त्याच कागदावर अपिलाची शेवटची तारीख मराठीत, ठळक अक्षरात लिहा, जेलमध्ये ती वाचून दाखवून सही घ्या, घरच्यांना फोन करून कळवा, आणि मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने अपील गेलं की नाही ते तपासावं, नसेल गेलं तर त्याच दिवशी वकील द्यावा.

– एक वाचक, पुणे