टोटल बघू नकोस

प्रिय सुन्या,

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच आहे.

कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टवरच्या तुझ्या "टोटल १८८, दोनशेच्या आत, सुटलो!" या मेसेजमुळे लिहायला बसलो. फोनवर तू बोलू देत नाहीस.

टोटल सोड. त्यातून एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, ३२ वजा कर. उरले १५६, ते नॉन-एचडीएल. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात येतं. तुझं ते साधारण १३० च्या आत हवं. एचडीएल इतकं कमी आहे म्हणूनच तुझी टोटल देखणी दिसते. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १०८ छापलंय, पण तो आकडा वजाबाकीचा आहे: टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा काढून आलेला. तुझे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०. ते वाढले की एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं, आणि ४०० च्या वर हा हिशेबच चालत नाही.

तुपावरून आपलं भांडण कॉलेजपासूनचं. निकाल अर्धा-अर्धा: तूप एलडीएल वाढवतं हे माझं खरं, पण तुझे ट्रायग्लिसराइड चढवण्यात शनिवारची बाटली, साखर आणि मैदा पुढे आहेत.

मला खरी धास्ती आहे ती तुझ्या वडिलांची, अप्पांची. त्यांना अटॅक ५१ व्या वर्षी आला. वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत आला, तर आपला धोका वाढीव धरायचा. लॅबच्या 'नॉर्मल'च्या रकान्याला अप्पा ठाऊक नसतात! ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्यांचा पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी होता, बाकीच्यांचा ५९ च्या आसपास. तू ४६ चा आहेस रे.

लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक कण, तपासून घे. ते वारशाने येतं, पथ्याने फारसं हलत नाही, त्यामुळे बहुधा एकदाच पुरतं. डेसिलीटरला ५० मिलीग्रॅमच्या वर म्हणजे जास्त. सोबत एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) कर. बीपी घरीच, पाच मिनिटं शांत बसून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, आठवडाभर लिहून ठेव. हे सगळं घेऊन डॉक्टरांकडे जा. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचं, म्हणजे स्टॅटिनचं, ठरत नसेल तर कॅल्शियम स्कोअरबद्दल विचार: सीटी स्कॅनवर हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजतात. तो शून्य आला तरी मऊ थर त्यात दिसत नाहीत, हे लक्षात ठेव. स्टॅटिन सुरू झालं तर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा रक्त द्यायचं. आकडा उतरला म्हणून गोळी सोडू नकोस, काही आठवड्यांत तो परत चढतो.

मुक्ताच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींची बदली टळली का?

आणि हे पत्र नंदूदादाला वाचून दाखव. अप्पा त्याचेही वडील.

तुझा,
बाळ्या