सिस्टर, तुमच्या सेंड-ऑफला आले नाही त्याबद्दल

सिस्टर, नमस्कार.

आधी सॉरी. वर कॉन्फरन्स हॉलमध्ये सगळे पेढे खात होते, तुम्ही म्हणे जांभळी साडी नेसून आला होतात (फोटो बघितला, भारी दिसत होतात), आणि मी खाली कॅज्युअल्टीत होते. पावणेपाचला दिंडोरीकडचा एक माणूस आणला, पस्तिशीचा असेल, बायको दारातूनच ओरडत होती, औषध पिलंय, औषध पिलंय. आता आपल्या नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात औषध म्हणजे फवारणीचंच, कुठलं औषध ते तुम्हाला काय सांगायचं. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत नुसती घरघर आणि खोलीभर तो वास. त्यावरचा उतारा ॲट्रोपिन, त्याचं एक अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमचं, पहिल्याला पाच फोडली, पाच मिनिटांनी छाती ऐकली, घरघर तशीच, मग दहा, मग वीस, मामा आणि दोन नवीन सिस्टर नुसत्या काचा फोडत बसलेल्या, एकीचं बोट कापलं. मध्येच वरून टाळ्या ऐकू आल्या. म्हटलं आता तुमचं भाषण सुरू झालं असणार.

तो माणूस आयसीयूत आहे, काल त्याने डोळे उघडले. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही मनातल्या मनात तेच विचारत बसाल.

तर जे वर माईकवर बोलायचं होतं ते इथे लिहितेय. सगळ्यांसमोर, मुद्दाम. कारण ढाल आणि शाल देताना लोक "मनमिळाऊ स्वभाव" वगैरे बोलतात आणि तुम्ही काही तितक्या मनमिळाऊ नाही, पहिले सहा महिने मला तुमची भीती वाटायची.

मी आले तेव्हा नवीकोरी एमडी होते. इमर्जन्सी मेडिसिन. आपल्या देशात २००९ मध्ये या विषयाला वेगळी मान्यता मिळाली त्यामुळे घरी अजून समजावून सांगावं लागतं, निफाडला आमचे नाना अजूनही विचारतात, म्हणजे नक्की कशाची डॉक्टर, हाडांची का हार्टची? तुम्हाला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं की ही पोरगी पुस्तकातून आलीये. तुम्ही म्हणालात, मॅडम, इमर्जन्सीची ट्रॉली चेक करायची का बरोबर? मी म्हटलं ते सिस्टरचं काम ना. तुम्ही "बरं" म्हणालात आणि निघून गेलात. ते "बरं" मला तीन आठवड्यांनी कळलं.

तो बाईकवाला मुलगा. आडगावकडून १०८ ने आणलेला, हेल्मेट नव्हतं, चोवीस वर्षांचा. मी श्वासाची ट्यूब टाकायला डोक्याशी उभी राहिले, घशात बघायचा लॅरिंगोस्कोप उघडला आणि लाईटच लागेना. बल्ब गेलेला. मला आजही तो क्षण आठवला की हाताला घाम येतो, दहा सेकंद असतील फार तर, पण मी त्या बंद लाईटकडे बघत नुसती उभी होते, मॉनिटर वाजत होता, कोणीतरी काहीतरी विचारत होतं आणि मला काही ऐकूच येत नव्हतं. तुम्ही दुसरा हँडल माझ्या हातात ठेवलात आणि एवढंच म्हणालात, "मॅडम, चला." ट्यूब गेली. सीपीआर पण झाला, दर दोन मिनिटांनी माणूस बदलून, सगळं रीतसर. मुलगा वाचला नाही. डोक्याची इजाच तशी होती.

मी नंतर सेंट्रल स्टोअरच्या दारामागे रडत होते, "दहा सेकंद, माझे ते दहा सेकंद" म्हणत. तुम्ही आलात. सगळ्यांसमोर मॅडम म्हणणाऱ्या तुम्ही तिथे पहिल्यांदा अगं म्हणालात. मला वाटलं आता म्हणतील, जाऊदे, तुझी काही चूक नाही. सगळे तेच म्हणत होते आणि त्याने मला अजून वाईट वाटत होतं कारण चूक तर होतीच. तुम्ही म्हणालात, "अगं, बल्ब ही तुझी चूक. पोरगा गेला ही नाही. दोन्ही एका पिशवीत भरू नकोस, पिशवी फाटते."

मग तुमची ती शंभर पानी वही काढलीत. डावीकडच्या पानावर आपल्याकडून काय राहिलं, उजवीकडे काय आपल्या हातात नव्हतंच. मला लिहायला लावलंत, तिथल्या तिथे, नाक पुसत. डावीकडे मी दहा ओळी लिहिल्या, तुम्ही चष्मा लावून वाचल्या आणि त्यातल्या आठ खोडून उजवीकडे टाकल्यात. दोन राहिल्या. ट्रॉली चेक केली नाही. अडकले तेव्हा मोठ्याने बोलले नाही. दोनच! दोन गोष्टी तर माणूस दुसऱ्या दिवशी सुधारू शकतो की. मला वाटतं मी तेव्हा नोकरी सोडली नाही ती त्या दोन ओळींमुळे. माझ्या बॅचमधले तिघं कॅज्युअल्टी सोडून ओपीडीवाल्या ब्रँचकडे गेले, कोणी आळशी नव्हतं, हुशार होते सगळे, पण त्यांच्या सगळ्या मृत्यूंची एकच पिशवी झाली असावी असं मला आता वाटतं.

ते "चला" पण तुमचंच. हातमोजे घालताना पहिल्या मोज्याला श्वास आत, दुसऱ्याला हळू बाहेर, मग मनात पुढच्या तीन स्टेप, मग "चला". मला हे देवळातलं काहीतरी वाटायचं. नंतर वाचनात आलं की मायकेल लॉरिया नावाचा एक माणूस आहे, आधी अमेरिकन हवाई दलात जखमींना सोडवून आणणाऱ्या तुकडीत होता, मग डॉक्टर झाला, तो इमर्जन्सीवाल्यांना चार गोष्टी शिकवतो, श्वास, स्वतःशी बोलणं, पुढचं काम डोळ्यापुढे आणणं आणि भानावर आणणारा एक ठरलेला शब्द. मी तुम्हाला उत्साहाने सांगायला आले तर तुम्ही म्हणालात, मग त्याला कोणत्या सिस्टरने शिकवलं?

आता ती जुलैतली रात्र. ही मी आत्तापर्यंत कोणाला नीट सांगितली नाहीये आणि क्रेडिट माझ्या नावावर बसलंय, ते आज उतरवते. पेठ तालुक्यातला नऊ वर्षांचा मुलगा, रात्री जमिनीवर झोपलेला, मध्यरात्री उठून पोट दुखतंय म्हणून रडला, उलटी झाली, वाटेत कुठेतरी ॲसिडिटीचं इंजेक्शन झालं आणि पहाटे चारला आपल्याकडे. मी पोट दाबून बघितलं, मऊ होतं, सलाईन लिहिलं आणि ऑब्झर्व्हेशनला ठेवा म्हटलं. बाहेर अजून सहा पेशंट होते. तुम्ही तुमचा तो छोटा स्टीलचा टॉर्च घेऊन आलात, मॅडम जरा पापण्या बघता का. मी म्हटलं झोप आलीये हो त्याला, चार वाजलेत. तुम्ही शांतपणे म्हणालात, "झोप आलेलं पोर पाण्याला ठसकत नाही."

मण्यार. अंगभर टॉर्च फिरवला, चाव्याची खूण कुठे सापडली नाही, मण्यारीची बऱ्याचदा सापडतच नाही, दुखत पण नाही, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावून जाते आणि पोटदुखी, मग पापण्या, मग गिळणं, मग श्वास. सापाच्या विषावरच्या लसीच्या दहा व्हायल्स दिल्या, लहान मुलाला पण मोठ्यांइतकाच डोस लागतो कारण साप काही वजन बघून विष सोडत नाही. अर्ध्या तासात ट्यूब टाकावी लागली. लाईट लागला, मी शिफ्टच्या सुरुवातीला चेक केला होता. आठवड्याने तो पोरगा चालत घरी गेला आणि त्याच्या बापाने माझे पाय धरले, तुम्ही मागे उभ्या होतात, एक शब्द बोलला नाहीत.

सिस्टर, मला त्यात सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये? तुम्ही मला प्रश्न विचारलात. बघता का. "चुकताय" म्हणाला असतात तर पहाटे चारला, दमलेली मी, शंभर टक्के भांडले असते. आणि उलट बाजूने, मी जर ओरडणाऱ्यातली असते तर तुम्ही टॉर्च खिशातच ठेवला असतात कदाचित. मी सिनियरांना ट्रेवर ट्रे आपटताना बघितलंय आणि त्या खोलीत मग कोणी काही बोलत नाही, दिसलेलं पण. असल्या कॅज्युअल्टीत मी माझ्या नानांना नेणार नाही.

झोपेवरून मात्र आपलं जमलं नाही बरेच दिवस. मला सलग नाईट करायचा माज होता, हो माजच. एकदा सकाळी द्वारकेच्या सिग्नलला स्कूटीवर उभ्या उभ्या डोळा लागला, मागून ट्रकने हॉर्न दिला म्हणून जागी झाले, आणि हे मी तुम्हाला जोक म्हणून सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. "दमलेली डॉक्टर म्हणजे अर्धी डॉक्टर, आणि पेशंटने बिल पूर्ण भरलंय." दुसऱ्या दिवशी माझी किल्ली लॉकच्या औषधांच्या कपाटात! वीस मिनिटं प्लास्टर रूममध्ये आडवं झाल्याशिवाय मिळायची नाही. मावशींना पण सांगून ठेवलं होतंत. केवढी चिडले होते मी, आणि आता मी नवीन पोरांच्या किल्ल्या काढून घेते, ते माझ्यावर चिडतात.

आणि ते एक मिनिट. पेशंट गेला की तुम्ही मशीन बंद करायचात, पडदा ओढायचात आणि हळूच म्हणायचात, थांबा जरा. सगळे उभे, मामा पण. कोणी मनात नाव घेत असेल, कोणी नुसतं जमिनीकडे बघत असेल, मग तुम्हीच हात धुवायला जायचात आणि आम्ही हललो की कळायचं झालं. मला आधी वाटायचं बाहेर लाईन लागलीये आणि हे काय. पण त्या मिनिटानंतरचा पेशंट मी नीट बघायचे, आणि ते मिनिट चुकलं तर आधीच्याचाच चेहरा पुढच्याच्या छातीवर स्टेथो ठेवताना दिसायचा. व्हर्जिनियात जोनाथन बार्टल्स म्हणून एक नर्स आहे, त्याने हेच "पॉझ" नावाने सुरू केलं आणि ते बरंच पसरलं. तुमचं मात्र आपल्या पडद्याच्या आतच राहिलं म्हणून इथे लिहून ठेवते.

नातेवाईकांचं पण सांगायला हवं. भिंतीवर तो २०१० च्या कायद्याचा बोर्ड आहे, डॉक्टर-हॉस्पिटलवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पन्नास हजारांपर्यंत दंड, असूदे, हवाच तो. पण तीस माणसं दारात आल्यावर बोर्ड कोण वाचतं. तुम्ही त्यातला वयाने मोठा माणूस हेरायचात, काका या, बसा, पाणी घ्या, आणि मला समोरच्या खुर्चीत बसवायचात. उभ्याने सांगायचं नाही. "आम्ही प्रयत्न केले पण" असं घोळवायचं नाही, मृत्यू झालाय हा शब्द स्पष्ट उच्चारायचा आणि मग गप्प बसायचं, ते बोलेपर्यंत. ते गप्प बसणं मला सगळ्यात अवघड गेलं.

तुम्ही २७ ऑगस्ट २००३ बद्दल फार बोलत नाही. कुंभातली चेंगराचेंगरी, ३९ माणसं गेली, तुम्ही त्या दिवशी ड्युटीवर होतात हे पण मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. एकदाच, चहा पिताना, तुम्ही म्हणालात की ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, आधी गप्प पडलेल्याकडे जायचं. आणि कप धुवायला उठलात. आता २०२७ च्या सिंहस्थाच्या मीटिंगा सुरू आहेत, खाटा किती, ऑक्सिजन किती, ॲम्ब्युलन्स कुठे उभ्या करायच्या, रामकुंडाकडून बाहेर कसं काढायचं, सगळं कागदावर येतंय, आणि मी प्रत्येक मीटिंगला मान वळवून तुमच्या खुर्चीकडे बघते. वेळ बघून रिटायर झालात हां.

वही माझ्याकडे दिलीत त्याबद्दल थँक्यू. परवाच्या दिंडोरीवाल्या केसचं पान लिहिलंय. डावीकडे एकच ओळ आहे, त्याच्या बायकोला बसायला खुर्ची द्यायला वीस मिनिटं उशीर झाला. उजवीकडे मी काही लिहिलं नाही, नवीन सिस्टरला लिहायला सांगितलंय, तिचं कापलेलं बोट बरं झालं की लिहील.

काल सकाळी ट्रॉली चेक केली. छोट्या ब्लेडचा बल्ब पिवळट लागत होता, बदलला. आणि तुमचा तो स्टीलचा टॉर्च लॉकरमध्ये नाही मिळाला म्हणून तुम्ही मावशींना फोन केला होतात असं कळलं. तो माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे. परत मागू नका.

तुमची,
कॅज्युअल्टीतली मॅडम