डाग दिसल्यावर फवारणी म्हणजे उशीर

संपादक साहेब, नमस्कार,

पानावर करपा दिसला की मगच पंप खांद्यावर घ्यायचा ही सवय खूप जणांना आहे, पण डाग डोळ्याला दिसतो तोवर बुरशी पानात शिरून काही दिवस झालेले असतात, मग मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य औषध कितीही मारा, करपलेलं पान काही परत हिरवं होत नाही, औषध फक्त पानावर थर धरून नवीन बीजाणू रुजू देत नाही. म्हणजे ते आधीच बसलं पाहिजे, आणि केवडा हा बुरशीचा रोग तर पानाच्या खालून पांढरा दिसतो, तिथं फवारा पोचतच नाही, बघून जीव तुटतो.

दुसरं, एकच आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषलं जाणारं, औषध सारखं सारखं मारू नका हो! ते बहुतेक वेळा बुरशीच्या एकाच जागी घाव घालतं, वाचलेली बुरशी वाढत जाते आणि औषध निकामी होतं. नुसता ब्रँड बदलून भागत नाही, आतला घटक तोच असतो. १८८५ च्या सुमारास आलेलं बोर्डो मिश्रण, साधं मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना, अजून चालतं ते तांबं एकदम अनेक ठिकाणी मारा करतं म्हणून.

तुमच्या शेतीच्या पानावर औषधाच्या नावासोबत त्याचा गटही, म्हणजे ते बुरशीवर कुठल्या तऱ्हेनं घाव घालतं तेही, छापत जा, एवढी विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक