काडतुसाची लांबी आणि गोळीची खोली एक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रायफलीची काडतुसं हाताने भरण्यावरचा कालचा लेख दोनदा वाचला. विषय छापलात याबद्दल आभार. पण गोळी पुंगळीत, म्हणजे दारू भरलेल्या पितळी कवचात, किती खोल बसली हे बघायला ‘कॅलिपरने बुडापासून टोकापर्यंत मोजा, झालं’ असं लिहिलंय. हे ‘झालं’ वाचून मला रात्री झोप लागली नाही.

टोकापर्यंतची लांबी कळली की काडतूस मॅगझिनमध्ये मावेल का, एवढंच कळतं. .३०८ विंचेस्टर या काडतुसाची २.८१० इंच ही कमाल लांबीसुद्धा त्यासाठीच. गोळी नळीतल्या आट्यांना (आतल्या पिळदार उंचवट्यांना) टेकते ती टोकाने नाही, तर पुढच्या निमुळत्या भागावर, ओजाइव्हवर. गोळी पुंगळीत दाबून बसवणारा साचा, म्हणजे डायसुद्धा तिथेच कुठेतरी दाब देते. टोकं मात्र एकाच डब्यातल्या गोळ्यांचीही सारखी नसतात, पोकळ टोकाच्या गोळ्यांची तर नाहीच नाही.

मी स्वतः हेच करून बसलोय. गोळी आट्यांपासून जेमतेम ०.१ मिमी मागे ठेवायची, असं ठरवलं होतं. टोकापर्यंत मोजलं तर एक काडतूस ७१.२२ मिमी आलं, पुढचं ७१.०८. मी दर वेळी डायचा स्क्रू थोडा फिरवत गेलो. दुसऱ्या दिवशी रेंजवर फायर थांबवायचा हुकूम झाला म्हणून बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) मागे ओढला, तर नुसती पुंगळी हातात आली. गोळी आट्यांत रुतून राहिली होती. दारूचे दाणे बोल्टच्या खाचांत, ट्रिगरमध्ये, सगळीकडे. नळीच्या तोंडातून रॉड घालून गोळी मागे ढकलली, तेव्हा माझे हात थरथरत होते. घरी येऊन उरलेली काडतुसं कम्पॅरेटर लावून मोजली. स्क्रूला हात लावण्याआधीची सगळी ०.०२ मिमीच्या आत सारखी निघाली. बिघडली होती ती मी ‘दुरुस्त’ केलेली.

कम्पॅरेटर म्हणजे कॅलिपरच्या जबड्यावर बसणारा भोकाचा छोटा तुकडा. तो गोळीच्या टोकाला शिवतही नाही, ओजाइव्हवर अडतो. त्यावरचा आकडा फक्त तुलनेसाठी असतो, दुसऱ्याच्या कम्पॅरेटरवर तो वेगळा येईल. म्हणून मित्राचा आकडा उचलून आपली डाय लावू नये. आपल्या नळीत आटे कुठे सुरू होतात ते आपणच मोजायचं, आणि नळी झिजत जाते तसं पुन्हा मोजायचं. एवढ्या चार ओळी लेखात मावल्या नसत्या का?

आता आकड्याबद्दल. आट्यांपासूनचं अंतर ०.०२० इंच म्हणजे ०.२ मिमी असं छापलंय. ते ०.५०८ मिमी होतं. त्या भरवशावर कुणी गोळी ०.३ मिमी पुढे बसवली आणि ती आट्यांना टेकली, तर बार उडताना आतला दाब वाढतो. ही मुद्रणदोष म्हणून सोडून देण्यासारखी चूक नाही. शिवाय अख्ख्या लेखात काडतुसाला ‘गोळी’ म्हटलंय. बातमीत ते चालून जातं. पण जिथे गोळी पुंगळीत किती आत गेली हाच प्रश्न आहे, तिथे वाचकाने काय मोजायचं?

कृपया मिलिमीटरचा आकडा त्याच पानावर, ठळक चौकटीत दुरुस्त करून छापावा. पुढच्या रविवारपर्यंत थांबू नये, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक